पाथरीहून दिलेली डबल बेल

मला बसता येत नाही. खुर्ची आहे, वेळ तर ढिगानं आहे, तरी जमत नाही. एसटीत उभा जन्म कंडक्टरकी केली. कंडक्टरला एक सीट राखीव असते असं लोकांना वाटतं, पण माझ्या सीटवर कायम कुणाची तरी अवघडलेली सून नाहीतर कोंबड्यांची पाटी बसलेली असायची आणि मी दांड्याला धरून उभा. आता म्हातारपणी सगळे म्हणतात बसा, काका, बसा. बसलो की पाच मिनिटांत पायाला मुंग्या येतात आणि डोक्यात गाड्या सुटायला लागतात. आता गंगाखेडची लागली असेल, आता जिंतूरची सुटली असेल.

मी राहतो ते परभणीच्या बाहेर, गंगाखेड रोडला लागून असलेल्या एका निवासात. वृद्धाश्रम म्हटलेलं आमच्या मॅडमना चालत नाही. सकाळी सहाला बिनसाखरेचा चहा हातात येतो. सातला सिस्टर बीपी बघते. आठला गोळ्या, त्याही प्रत्येकाच्या नावाच्या डबीत, वारावारच्या कप्प्यांत भरून ठेवलेल्या. कपडे धुऊन, इस्त्री होऊन येतात. कॉलरच्या आत खोलीचा नंबर शिवलेला असतो. आंघोळीला मदत पाहिजे तर कॉटजवळचं बटन दाबायचं. पंखा बंद करायला म्हणून मी एकदा उठलो, तर मावशी धावत आली, "काका, तुमी कशाला उठलात?" आता एवढ्या चांगल्या माणसांशी भांडायचं तरी कसं? वाईट वागले असते तर निदान तक्रार करण्यात दिवस गेला असता.

मुलानं टाकलं वगैरे काही नाही, उगाच कुणी हळहळू नये. मुलगा पुण्यात असतो. बायको गेल्यावर परभणीच्या घरात मी एकटाच होतो. एक दिवस मोरीत पडलो तो शेजारीण दूध द्यायला येईपर्यंत तसाच पडून राहिलो. पुण्याला दोन महिने राहून पाहिलं. तिथं अकराव्या मजल्यावरून खाली उतरायलाही कुणाला तरी विचारावं लागायचं. मग मीच म्हणालो, परभणीलाच कुठंतरी बघ. त्यानं हे बघितलं.

माझ्या खोलीतली दुसरी कॉट गुरुजींची. जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेले, पाथरीच्या पलीकडल्या एका गावचे. मी पहिल्या दिवशी रामराम म्हणालो, ते जयभीम म्हणाले, आणि दोघांचंही काही बिघडलं नाही. पण त्यांचं बसणं! सकाळी पेपर उघडायचे तो जेवणाची घंटा होईपर्यंत. मग हात धुऊन पुन्हा बसायचे. मी खिडकी ते दार आणि दार ते खिडकी येरझारा घालतोय आणि हे शांतपणे मागच्या पानावरचे बाजारभाव वाचतायत. कापूस पेरलेला नाही, तूर पेरलेली नाही, भाव कशाला वाचता म्हणावं तर म्हणायचे, "कंडक्टरसाहेब, एका जागी बसून वाचता येतंय ना, मग वाचायचं." मॅडम तर नव्या माणसाला मुद्दाम आमच्या खोलीत आणून दाखवायच्या. म्हणायच्या, यांच्याकडे बघा, किती रमलेत. मला आतल्या आत चिडायला व्हायचं. रमलेल्या माणसासोबत एका खोलीत राहणं सोपं नसतं.

माझा जीव तगला होता तो गुरुवारावर.

निवासाचा नियम असा की, फाटकाबाहेर एकट्यानं जायचं नाही. सोबत घरचं माणूस नाहीतर इथली मावशी पाहिजे. पंच्याहत्तरी ओलांडली की एसटी फुकट, म्हणजे सगळा महाराष्ट्र मला मोकळा होता आणि फाटक तेवढं बंद होतं. सहा महिने मी मॅडमच्या मागं लागलो. मुलाकडून लेखी घेतलं, डॉक्टरकडून घेतलं. शेवटी त्या कंटाळून म्हणाल्या, "गुरुवारी. सकाळी साडेनऊची पालम गाडी, अडीचच्या आत परत. खिशात फोन आणि इथला पत्ता. आणि काका, तुमच्याकडून एक गडबड झाली तर गुरुवार कायमचा बंद. मग माझ्याशी वाद घालायचा नाही."

पालमला कोण आहे, असं सगळे विचारायचे. पालमला माझं कुणी नाही. स्टँडवर उतरायचं, उभ्यानं चहा प्यायचा, दस्तीनं तोंड पुसायचं आणि पुढच्या गाडीनं परत यायचं. मला जायचं असायचं, पोचायचं नसायचं. गाडीत बसायला जागा दिली तर मी घ्यायचो नाही. दांड्याला धरून उभा राहिलो की अंगातली सगळी तगमग चाकात उतरून जायची. शुक्रवारपासून मी पुढच्या गुरुवारची वाट बघायला लागायचो. हा गुरुवार गेला असता तर माझं काय झालं असतं, याचा विचारही मला सहन व्हायचा नाही.

दिवाळीनंतर एका रविवारी मॅडमनी सहल काढली. पाथरीला दर्शन आणि संध्याकाळच्या आत परत. त्यासाठी एसटीची गाडी करारावर घेतली होती. करारावरच्या गाडीला ड्रायव्हर असतो, कंडक्टर नसतो. सगळ्यांना धरून धरून चढवेपर्यंत मी मागंपुढं करत होतो. मग बघितलं तर कंडक्टरची सीट रिकामी. कुणी बस म्हणालं नव्हतं. मी जाऊन बसलो. आयुष्यात पहिल्यांदा त्या सीटवर निवांत बसलो आणि वर घंटीची दोरी हाताशी. ड्रायव्हर तरणा होता, हसला. म्हणाला, "द्या काका बेल." मी दोनदा दोरी ओढली. एक बेल थांबायची, दोन बेल निघायची, हे लहान लेकरालाही माहीत असतं. गाडी निघाली. सगळ्या म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला काय वाटलं ते सांगत नाही, डोळे भरून आले होते.

पाथरीला गाडी स्टँडवर लावली. तिथून देवळापर्यंत ऑटो ठरवले होते. गुरुजी म्हणाले, "मी देवळात येत न्हाई. हितंच बसतो, चहा घेतो." सिस्टरनं त्यांना बाकावर बसवलं, हलायचं नाही म्हणून बजावलं आणि आम्ही गेलो. मी सवयीनं डोकी मोजली. एकवीस.

दर्शन झालं, प्रसाद झाला, परत आलो. चढताना पुन्हा मोजली. एकवीस. तेवढ्यात एका आजींना उलटी झाली आणि सिस्टर मागच्या सीटवर त्यांच्यापाशी अडकली. आमची गाडी फलाटावर उभी, मागून दुसऱ्या गाडीचा ड्रायव्हर हॉर्न वाजवून कान खायला लागलेला. सिस्टर मागून ओरडली, "काका, आले का सगळे?"

"आले," मी म्हणालो आणि डबल बेल दिली.

देवळात गेलेले एकवीस, देवळातून आलेले एकवीस. हिशेब चोख होता. जो माणूस देवळात गेलाच नाही, तो माझ्या मोजणीत नव्हता. जित्याची खोड म्हणतात ती ही. घंटी द्यायची घाई अंगात इतकी मुरलेली की, बाकाकडे एक नजर टाकावी एवढंही सुचलं नाही.

परतीच्या वाटेवर मानवत गाव आलं तशी सिस्टर दुपारच्या गोळ्या वाटायला उठली. एकेक डबी काढत पुढं आली. शेवटी तिच्या हातात एक डबी राहिली. तिनं नाव वाचलं आणि माझ्याकडं बघितलं. मी उठून उभा राहिलो. एकच बेल दिली.

गाडी वळवून परत पाथरीला निघालो. इतक्या वर्षांत माझ्या गाडीतून वाटेत उतरलेली म्हातारीकोतारी मी हात धरून परत चढवली होती, आंधळ्याला घरच्या माणसाच्या हवाली केल्याशिवाय गाडी हलू दिली नव्हती. आणि ज्याच्या शेजारी रोज झोपतो त्यालाच सोडून आलो. गाडी थांबायच्या आधी मी उडी मारली. बाकावर कुणी नव्हतं. चहाच्या टपरीवर नव्हतं. गुडघा कळ मारत होता, तो हातानं धरून मी स्टँडभर पळत सुटलो. "गुरुजी! ओ गुरुजी!" माणसं बघायला लागली.

स्टँडच्या बाहेर जिथं जीपा भरतात, तिथून गुरुजी येताना दिसले. हातात पिशवी, काखेत पेपर, चेहऱ्यावर काही नाही.

"आलात?" एवढंच म्हणाले आणि माझा दंड धरून मलाच गाडीपर्यंत घेऊन आले.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी आम्हाला ऑफिसात बोलावलं. सिस्टर एका बाजूला रडवेली उभी होती. "बेल कुणी दिली ते मला माहीत आहे," मॅडम म्हणाल्या. "पण माणूस राहिला कसा, ते मला पाहिजे." मी तोंड उघडणार एवढ्यात गुरुजी म्हणाले, "ह्यात कुणाची चूक न्हाई. मी मुद्दाम राहिलो. चहा पिऊन गाडीत बसून घ्यायचं होतं, न्हाई बसलो. मोजताना कंडक्टरसाहेबांनी इचारलं असतं तर मी मागून येतोच म्हणलं असतं. गाडी सुटलेली बघितली. हाक मारली न्हाई."

मॅडम त्यांच्याकडे बघत राहिल्या. मीही बघत राहिलो. गुरुजींना खोटं बोलता येत नाही असा माझा समज होता. आणि इथं माझ्या गुरुवारासाठी हा माणूस डोळ्याची पापणी न हलवता खोटं बोलत होता. सिस्टर सुटली, मी सुटलो. आणि मी काय केलं? गप्प बसलो. मान खाली घातली आणि गप्प बसलो.

गुरुजींच्या फाईलवर लाल पेननं काहीतरी लिहिलं गेलं. त्या दिवसापासून ते बागेत निघाले की मावशी मागं. संडासाला गेले तरी बाहेर मावशी उभी. त्यांची कॉट खाली, सिस्टरच्या टेबलासमोर हलवायचं ठरलं. तिथं झोपेतही कुणीतरी बघत असतं. आणि नांदेडला त्यांच्या मुलीला फोन गेला.

गुरुवारी मी गेलो. हो, गेलो. गुरुजी म्हणाले, "जाऊन या, गाडी चुकंल." मी बॅग उचलून निघालो, पण काही केल्या गाडी माझ्या अंगाला लागेना. प्रत्येक थांब्यावर मी डोकी मोजत होतो. गंगाखेडला एक म्हातारा पाणी प्यायला उतरला तर मी कंडक्टरच्या अंगावर ओरडलो, "ओ, थांबा, माणूस खाली हाय!" कंडक्टर म्हणाला, "दिसतोय मला, आजोबा. तुमी शांत बसा." पालमला चहा घेतला आणि अर्धा ओतून दिला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं सगळं स्टँड माझ्याकडंच बघतंय असं वाटत होतं. मी आहेच तसा, स्वतःच्या पायाला भिंगरी पाहिजे म्हणून दुसऱ्याच्या पायात बेडी घालणारा. दीडलाच परत आलो.

शुक्रवारी मुलगी आली. बँकेत नोकरीला, रजा टाकून सकाळच्या रेल्वेनं आलेली. डबा आणला होता, तो तसाच मांडीवर धरून स्टुलावर बसली. मी उठून बाहेर जायला लागलो तर म्हणाली, "काका, बसा. तुमच्यापासून काय लपवायचं." मग वडिलांकडे वळली.

"बाबा, मी तुम्हाला इथं ठेवलं म्हणून पळालात का?"

गुरुजी फरशीकडे बघत होते.

"मला एकदा म्हणायचं तरी होतं. रात्रंदिवस मी स्वतःला समजावते की बाबा रमलेत, बाबा रमलेत. मॅडम तसंच सांगतात. आणि तुम्ही स्टँडवरून... कुठं गेला असतात? तुम्हाला काही झालं असतं तर मी कुणाला तोंड दाखवलं असतं?"

तिचा आवाज फुटला. गुरुजींनी मान वर केली नाही. मी दार ते खिडकी, खिडकी ते दार फिरत होतो. मला वाटलं, हा माणूस माझ्यापायी पोटच्या पोरीचं रडणं ऐकून घेतोय, आता तरी बोल. माझ्या डोळ्यांसमोर साडेनऊची गाडी उभी होती, तिचं दार उघडं होतं. खरं सांगतो, मी एक फेरी अजून मारली. मग थांबलो.

"बाई," मी म्हणालो, "तुमचे वडील पळाले न्हाईत. मी त्यांना सोडून आलो. देवळातली माणसं मोजली आन गुरुजींना इसरलो. सिस्टरला सगळे आले म्हणून मीच सांगितलं. माझं बाहेर जाणं बंद हुईल म्हणून ते तसं बोलले, आन मी बोलू दिलं."

ती आधी माझ्याकडे, मग वडिलांकडे बघत राहिली. मग एकदम हसायला लागली, डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि हसतेय. "काय हो बाबा तुम्ही! आणि काका, पाच दिवस गप्प बसलात? मी तिकडं जेवले नाही." तिनं माझ्या पाठीत एक हलकी चापट मारली आणि डबा उघडला. शेंगाची चटणी, भाकरी. तिनं आम्हा दोघांनाही वाढलं. ती स्वतःच मॅडमकडे गेली. गुरुजींच्या फाईलवरचं लाल कागदासकट गेलं, कॉट वरच राहिली, मावशी आपल्या कामाला लागली. माझा गुरुवार बंद झाला. मॅडमनी आवाजही चढवला नाही. "ठरलं होतं ना, काका?" एवढंच म्हणाल्या. मुलाला फोन केला तर तोही म्हणाला, त्यांचं बरोबर आहे.

मुलगी दुपारी हसत नांदेडला गेली. फाटकापर्यंत तिला सोडून आम्ही दोघं खोलीत आलो. मला वाटलं गुरुजी काहीतरी बरं बोलतील. निदान पाठीवर हात ठेवतील. त्यांनी पेपर आपटला.

"तुमाला कुणी बोलायला सांगितलं होतं?"

"म्हणजे? तुमी माझ्यापायी खोटं बोलायलात, तुमची लेक रडायली, आन मी..."

"मी खोटं बोललो न्हाई."

मला कळेना. गुरुजींनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसत बसले. मग खालच्या आवाजात म्हणाले, "गाडी सुटली तवा मी बाकावरच होतो. दहा पावलांवर. हाक मारली असती तर थांबली असती. न्हाई मारली. गाडी दिसंनाशी झाल्यावर उठलो आन गावच्या जीपमधी जाऊन बसलो."

"गावात हाय कोण आता? सगळे ऊसतोडीला गेलेत म्हणून तुमीच सांगत होतात."

"म्हणूनच. एक दिवस तरी कुणी मला चहा घेता का म्हणून इचारलं नसतं."

मी मटकन कॉटवर बसलो. हे बाजारभाव वाचणारे गुरुजी. नव्या माणसांना दाखवायचे गुरुजी. मला एकट्यालाच आतून पोखरतंय असं मी इतके महिने समजून चाललो होतो, आणि हा माणूस चार हातांवर बसून तेच सोसत होता, फक्त पाय न हलवता. लेकीसमोर मान खाली होती ती माझ्यासाठी नव्हती. तिनं विचारलं ते खरं होतं म्हणून होती. आणि ते खरं मी मध्ये पडून पुसून टाकलं.

"मग उतरलात कशाला?" मी विचारलं.

"जीप भरत आली होती. एक माणूस आला की निघणार होती." त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "तेवढ्यात तुमी दिसलात. गुडघा धरून पळायलात, माझं नाव घेऊन बोंबलायलात. मला वाटलं आता हे पडतान. तुमी पडलात तर तिथं तुमाला उचलायला कोण होतं?"

मला काय बोलावं सुचेना, आणि सुचेना तेव्हा मला राग येतो, तसा आला. "अवो, मग हे मला सोमवारीच सांगायला काय झालं होतं? माझा गुरुवार गेला की तुमच्यापायी!"

गुरुजींनी पेपर उचलला, घडी नीट केली.

"आन माझी जीप तुमच्यापायी," ते म्हणाले.